एक घर, दोन पासपोर्ट: युरोपला निघण्याआधी

वहिनी, तुमचा मुलगा-सून आणि नातू ब्रिटिश पासपोर्टवर, तुम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर. तेव्हा आधी मनात पक्कं करा: व्हिसा कुटुंब बघून नाही, पासपोर्ट बघून लागतो. त्यांना ९० दिवसांपर्यंत पॅरिस-रोमला व्हिसा नको, तुम्हाला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्स-इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, हवाच. लंडनचा वेगळा, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही.

खरी मेख पुढंच आहे. तुमचा बेत पॅरिस, मग लंडन, मग रोम. पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, सिंगल एन्ट्री (एकदाच प्रवेश देणारा) व्हिसा तिथंच संपला! आमचं हेच झालं होतं. विश्रामबागच्या घरी बॅगा भरताना व्हिसावरचा तो ‘१’ नजरेला पडला आणि रोमची तिकिटं रद्द करावी लागली. फार जीव हळहळला. मल्टिपल एन्ट्री (अनेकदा प्रवेश देणारा) व्हिसा मागा जरूर, पण मागितलं म्हणून मिळेलच असं नाही. त्यापेक्षा लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, मला तेच भरवशाचं वाटतं.

फ्रान्स-इटलीपैकी जिथं जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाआधी ६ महिन्यांपासून तो घेतात. बोटांच्या ठशांसाठी सांगलीहून पुणे-मुंबई गाठायची तयारी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा.

आणि नातवाला इकडं आणताना त्याचं ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) ब्रिटिश पासपोर्टासोबतच ठेवा. ते भारतात येण्यासाठी. युरोपात त्याचा उपयोग नाही.