साबेर की कोनोसेर? मराठीतून पाहू

प्रश्न असा आला आहे: स्पॅनिशमध्ये साबेर आणि कोनोसेर या दोघांचाही अर्थ पुस्तकात 'जाणणे' असा दिलाय, पेदिर आणि प्रेगुंतार या दोघांचाही 'विचारणे'. इर-बेनिर म्हणजे जाणे-येणे, तरी 'येतो' म्हटलं की शिक्षक चूक काढतात. शिवाय पेस आणि पेस्कादो, दोन्ही मासेच. हे लक्षात कसं ठेवायचं?

आधी उच्चारांबद्दल. इथे लॅटिन अमेरिकेतले उच्चार धरले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात कोनोसेरचं 'कोनोथेर' होतं. 'बेनिर' रोमन लिपीत v ने लिहितात, पण स्पॅनिशमध्ये v आणि b यांच्या उच्चारात फरक नाही, म्हणून ब.

आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या वाटेने शिकतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच येतो. इंग्रजीत एकाच क्रियापदावर भागतं तिथे मराठीत दोन-तीन आहेत, आणि ती स्पॅनिशशी बऱ्यापैकी जुळतात. म्हणून पुस्तकातला अर्थ बाजूला ठेवून तेच वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा.

साबेर म्हणजे माहीत असणे, येणे, पाठ असणे. कोनोसेर म्हणजे ओळख असणे, परिचय असणे. 'मला त्याचा पत्ता माहीत आहे' इथे साबेर. 'मी आनाला ओळखतो' इथे कोनोसेर: 'कोनोस्को आ आना'. (मधला 'आ' विसरू नका. कर्म माणूस असेल तर तो लागतो, आपण 'आनाला' म्हणताना 'ला' लावतो तसा.) गाण्याचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. 'से ला कान्स्योन' ('से' हे साबेरचं 'मी'चं रूप) म्हणजे गाणं पाठ आहे, म्हणून दाखवीन. 'कोनोस्को ला कान्स्योन' म्हणजे ऐकलेलं आहे, ओळखीचं आहे, शब्द विचारू नका. गावांचंही तसंच. 'कोनोसेस गोआ?' असं कुणी विचारलं तर गोवा नकाशावर कुठे आहे हे माहीत असूनही 'नो' म्हणता येतं, कारण प्रश्न 'गोवा पाहिलाय का?' असा आहे.

भूतकाळात मराठीचा उपयोग आणखी होतो. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत, आणि या क्रियापदांचा अर्थ त्यांत बदलतो असं शिकवून विद्यार्थ्यांना घाबरवतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळी क्रियापदंच आहेत. 'साबीआ' म्हणजे मला माहीत होतं, 'सुपे' म्हणजे मला कळलं. 'ला कोनोसीआ' म्हणजे मी तिला ओळखत होतो, 'ला कोनोसी एन सेबिया' म्हणजे तिची माझी ओळख सेबियात झाली. माहीत असणे आणि कळणे यांत आपण कधी घोटाळा करत नाही, मग सुपेला का भ्यायचं?

दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते. पहिलं 'येणे'. 'मला पोहता येतं' म्हणजे 'से नादार', इथवर ठीक. पण 'हात मोडलाय, पोहता येत नाही' इथेही आपण तेच 'येणे' वापरतो. स्पॅनिशमध्ये कला अवगत नसेल तर 'नो से नादार', आणि येत असूनही आज जमत नसेल तर 'नो प्वेदो नादार'. दुसरं 'ओळखणे'. 'मी त्याला ओळखतो' हे कोनोसेर, पण 'आवाजावरून ओळखलं' हे रेकोनोसेर.

जाता जाता: साबेरचा दुसरा अर्थ चव लागणे. 'ला सोपा साबे आ आखो' म्हणजे सूपला लसणाची चव लागतेय. मूळ लॅटिन क्रियापदात चव आणि शहाणपण दोन्ही होते, 'होमो सेपियन्स'मधला सेपियन्स त्याच घरचा. आणि कोनोसेरच्या पोटात जो धातू आहे तो संस्कृत 'ज्ञा'चा सख्खा भाऊ, म्हणजे आपलं 'जाणणे'ही त्याच कुळातलं.

पेदिर आणि प्रेगुंतार यांवर फार वेळ घालवायला नको. पेदिर म्हणजे मागणे, प्रेगुंतार म्हणजे विचारणे. कॉफी, मदत, परवानगी, माफी, उसने पैसे हे सगळं आपण मागतो, म्हणून पेदिर. वेळ, पत्ता, भाव विचारतो, म्हणून प्रेगुंतार. एवढ्यावर बहुतेक वाक्यं सुटतात. फक्त 'प्रश्न विचारणे' याला प्रेगुंतार नको, तिथे प्रश्न 'करतात': 'आसेर उना प्रेगुंता'. आणि 'आई तुला विचारत होती' हे मराठी वाक्य जपून. आईने तुझी चौकशी केली असेल तर 'मी माद्रे प्रेगुंतो पोर ती'. त्यातला 'पोर' गाळून 'ते प्रेगुंतो' म्हटलं तर आईने थेट तुलाच काहीतरी विचारलं असा अर्थ होईल.

आता इर आणि बेनिर. मराठी माणूस खरा अडकतो तो इथे, आणि इथे इंग्रजीला दोष देता येत नाही, कारण या बाबतीत इंग्रजी आपल्याच बाजूला आहे. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण ओरडतो, 'आलो!' स्पॅनिश माणूस ओरडतो, 'या बोय!' म्हणजे शब्दशः 'जातोच!' फोनवर 'येतोस का?' याला आपलं उत्तर 'हो, येतो', त्याचं 'सी, बोय'. आपण ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बोलतो. स्पॅनिश बोलणारा स्वतःच्या पायाखालची जमीन सोडत नाही. बोलताना मी जिथे आहे तिथे कुणी पोचणार असेल तर बेनिर, तिथून दुसरीकडे जाणं असेल तर इर, मग पलीकडे प्रत्यक्ष आई वाट पाहत असली तरी. त्यात आपल्याला निघतानाही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायची सवय. ती तिथे चालवलीत तर यजमान गोंधळेल. तिथे 'मे बोय' असंच म्हणायचं, त्यात अशुभ काही नाही. पोर्तुगीजही इथे स्पॅनिशसारखीच वागते, त्यामुळे गोव्यातल्या ज्या घरांत ती अजून बोलली जाते त्यांना हे नवं वाटणार नाही. उलट स्पेनमध्येच, बार्सेलोनाच्या बाजूची कातालान भाषा अशा वेळी आपल्यासारखं 'येतो' म्हणते.

हेच येबार (नेणे) आणि त्राएर (आणणे) यांना लागू. 'उद्या तुला पुस्तक आणून देतो' हे फोनवर दुसऱ्या गावातल्या मित्राला म्हणायचं तर 'मान्याना ते येबो एल लिब्रो', म्हणजे 'नेतो'. पण दोघं आत्ता कॉलेजात उभे आहेत आणि उद्या पुस्तक तिथेच द्यायचंय, तर 'ते त्राइगो'. मराठीत दोन्हीकडे 'आणतो'. म्हणून इथे मराठीत वाक्य म्हणून पाहण्याची युक्ती वापरू नका. मी आत्ता कुठे उभा आहे आणि वस्तू माझ्या दिशेने येणार की माझ्यापासून दूर जाणार, एवढंच पाहा.

राहिले मासे. पेस म्हणजे पाण्यातला, जिवंत मासा. पेस्कादो म्हणजे पकडलेला, खायचा. तो शब्द 'पकडणे'चं भूतकालवाचक विशेषणच आहे, त्यामुळे मत्स्यालयात पेस्कादो म्हटलंत तर ऐकणाऱ्याला तुमची भूक दिसेल. पेसचं अनेकवचन पेसेस, आणि त्यात z जाऊन c येतो, म्हणून लिहिताना जपा.