सुईत दोरा ओवण्यासारखी बारीक हालचाल करताना मेंदूत काय चालतं, हे नुसत्या प्रकाशाने मोजता येतं का?

हो, येतं. या तंत्राला एफ-निर्स (फंक्शनल निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी) म्हणतात. टोपीतून साधारण 700 ते 900 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश डोक्यात सोडतात आणि सुमारे 3 सेंटीमीटरवरच्या डिटेक्टरने परत आलेला प्रकाश टिपतात. उजव्या हाताची बोटं कामाला लागली की मुख्यतः डाव्या बाजूच्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या हालचाली चालवणाऱ्या भागात, रक्तप्रवाह वाढतो; ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वाढतं, ऑक्सिजन सोडलेलं घटतं. हिमोग्लोबिनचे हे दोन्ही प्रकार प्रकाश वेगवेगळा शोषतात, म्हणून फरक कळतो.

याचं खरं मोल म्हणजे माणूस खुर्चीत बसून, हात मोकळे ठेवून काम करू शकतो. एमआरआयच्या नळीत आडवं पडून सुई ओवणं अवघडच.

पण मर्यादा नीट समजून घ्या. प्रकाश कॉर्टेक्सच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो, हालचालींना मदत करणारे सेरेबेलम (लहान मेंदू) किंवा बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतले खोल भाग) दिसत नाहीत. रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला 5-6 सेकंद लागतात, त्यामुळे एकेका बोटाची झटकन झालेली हालचाल वेगळी काढता येत नाही. दाट काळे केस तर बराच प्रकाश गिळतात. प्रत्येक ऑप्टोडखालचे (टोपीतल्या प्रकाश सोडणाऱ्या किंवा टिपणाऱ्या टोकाखालचे) केस बाजूला सारायला वेळ द्यावाच लागतो. शिवाय डोक्याच्या त्वचेतल्या रक्तप्रवाहाची भेसळ होते. ती वजा करायला सुमारे 8 मिलिमीटर अंतराचे जवळचे चॅनल (प्रकाशस्रोत आणि डिटेक्टरच्या जोड्या) लावतात, आणि ते नसतील तर निष्कर्षांवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.