कालव्याच्या तळावर आणि बाजूंवर शिअर स्ट्रेस (वाहतं पाणी पृष्ठभागाला ओढतं तो ताण) सारखाच असतो का?

नाही. पाण्याचं एकक वजन (एका घनमीटरचं वजन) × जलीय त्रिज्या (प्रवाहाचं क्षेत्रफळ भागिले तळ-बाजूंची भिजलेली लांबी) × उतार हे सूत्र फक्त सरासरी देतं. त्रिज्येऐवजी खोली घालून आलेली किंमत आधार धरा. रुंद तळाच्या समलंब कालव्यात तळाच्या मध्यावर तिच्या साधारण ०.९७ पट ताण येतो, बाजूंवर जास्तीत जास्त ०.७५ पट, कोपऱ्यात जवळपास शून्य. खोली २ मीटर, उतार ५००० मीटरला १ मीटर असेल, तर तळावर सुमारे ३.८ आणि बाजूवर ३ न्यूटन प्रति चौरस मीटर.

आकडा कमी म्हणून बाजूंकडे दुर्लक्ष मात्र मुळीच करू नका! मातीच्या कालव्यात तिथला खडा पाण्याच्या ओढीबरोबरच स्वतःच्या वजनानेही खाली घसरू पाहतो, त्यामुळे तो कमी ताणातच सुटतो.