वाचकांचे प्रश्न : उलानबातरमध्ये गरम पाणी, जेवण आणि गाडीतली जागा

प्रश्न : आम्ही जुलैमध्ये वृद्ध आईवडिलांना घेऊन मंगोलियाला जाणार आहोत. उलानबातरमध्ये ठरवलेल्या फ्लॅटच्या मालकीणबाईंनी ‘त्या आठवड्यात नळाला गरम पाणी नसेल’ असे कळवले आहे. हा हलगर्जीपणा समजून जागा बदलावी काय?

उत्तर : यात मालकीणबाईंचा दोष नाही. उलट त्यांनी आधी कळवले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण मानावे. उलानबातरच्या बहुतेक इमारतींत गरम पाण्याची स्वतंत्र सोय नसते. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी उष्णता जाड नळांच्या जाळ्यातून शहरभर खेळवली जाते आणि तिच्यावरच घरे ऊबदार राहतात व नळाला गरम पाणी येते. १५ सप्टेंबर ते १५ मे हा तिथला घरे तापवण्याचा हंगाम. त्या काळात हे जाळे बंद ठेवणे म्हणजे जिवाशीच खेळ, म्हणून दुरुस्तीची सारी कामे उन्हाळ्यात, एकेका भागात पाळीपाळीने उरकली जातात. त्यामुळे घाईने जागा बदलल्यास नेमकी तिथली पाळी सुरू असायची. त्यापेक्षा घरात विजेचा गिझर आहे का, एवढेच विचारून घ्यावे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगण्याजोगी आहे. अनेक जुन्या इमारतींत उष्णता कमीजास्त करण्याची कळच नसल्यामुळे बाहेर उणे पंचवीस अंश असतानाही लोक आतला उकाडा घालवण्यासाठी खिडकी किलकिली करतात. मात्र निम्म्याहून अधिक शहर या नळांच्या कक्षेबाहेर, टेकड्यांच्या उतारांवरील गेर वस्त्यांमध्ये राहते. गेर म्हणजे लोकरी नमद्याने मढवलेला गोल तंबू. तिथे चूल पेटवावी तेव्हा ऊब मिळते, आणि पाणी वस्तीतल्या केंद्रावरून कॅन भरून, बहुधा हातगाडीवरून, घरी आणावे लागते. मे २०१९ पासून शहरात कच्चा कोळसा जाळण्यास बंदी असून त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा वापरल्या जातात. तरीही हिवाळ्यातील धूर पुरता हटलेला नाही. वृद्धांसाठी आपण जुलै निवडला, हे उत्तम केले.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. निभाव लागेल का?

उत्तर : राजधानीत लागेल, शहराबाहेर पडल्यावर मात्र शिधा सोबत हवा. रोजच्या मंगोलियन जेवणात मांस आणि मैदा यांचेच राज्य असते. बूझ म्हणजे वाफवलेल्या मोदकासारखा पदार्थ, पण आत खिमा; त्सुइवान या परतलेल्या शेवयांतही मांस असतेच. तरीही शहरात पूर्ण शाकाहारी उपाहारगृहे आहेत आणि भारतीय जेवणही मिळते. पीस अव्हेन्यूवरील स्टेट डिपार्टमेंट स्टोअरच्या तळमजल्यावरील सुपरमार्केटमध्ये दूध, पाव, भाज्या आणि फळे मिळतात. चहात मीठ असते, ही कल्पना आईवडिलांना आधीच द्यावी. ११ जुलैपासून नादाम उत्सवाच्या सुट्ट्या सुरू होतात आणि बरीच दुकाने बंद राहतात, म्हणून किराणा आदल्या दिवशीच भरून ठेवावा.

प्रश्न : शहरात फिरण्यासाठी बस बरी की टॅक्सी?

उत्तर : जुलै २०२१ मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे, तेव्हा तिथून येण्यासाठी गाडी आधीच ठरवावी. शहरातील बससाठी कार्ड घ्यावे लागते, रोख पैशांवर विसंबू नये. आईवडील सोबत असताना मात्र ॲपवरून मागवलेली टॅक्सी बरी. एक खबरदारी आवर्जून सांगतो : तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, पण जपानमधून आलेल्या असंख्य जुन्या मोटारींचे स्टिअरिंगही उजवीकडेच असते. अशा गाडीत चालकाशेजारी बसणाऱ्याचे दार वाहत्या रस्त्याकडे उघडते. म्हणून वडिलांना पुढे न बसवता मागे उजव्या बाजूला बसवावे.