आपले प्रश्न : फुगा फुटेल का, हे संगणक सांगेल?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या असून रक्तदाबाची गोळी त्या रोज घेतात. चक्कर येते म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूतील मधल्या धमनीच्या फाट्यावर ४ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, असल्याचे कळले. पूर्वी कधी रक्तस्राव झालेला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले. पण अभियंता असलेला माझा भाचा सांगतो की, रक्तप्रवाहाचे सिम्युलेशन केले तर फुगा फुटणार की नाही ते आधीच समजते. ते करून घ्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भाचा सांगतो ते तंत्र खरे आहे, मात्र त्याच्या निकालावर शस्त्रक्रियेचा निर्णय सोपवावा इतके ते अजून पक्के झालेले नाही.

या पद्धतीत अँजिओग्राफीच्या चित्रांवरून धमनीचा त्रिमितीय आकार काढतात, आतल्या पोकळीचे लाखो बारीक खण पाडतात आणि हृदयाच्या एका ठोक्यात प्रत्येक खणातील रक्त कसे वाहील, याची गणिते संगणकाकडून सोडवून घेतात. पडद्यावर मग फुग्याच्या मानेतून आत शिरणारी धार, ती भिंतीवर आदळते ती जागा आणि घुमटात रेंगाळणारा भोवरा, हे सारे रंगांत दिसते. (चित्र इतके देखणे असते की, ते खोटे असू शकेल असे मनातही येत नाही.)

यातली कळीची राशी म्हणजे रक्त अस्तरावरून घासत जाताना पडणारा ताण, ज्याला अभियंते वॉल शिअर स्ट्रेस म्हणतात. धमन्यांत तो सर्वसाधारणपणे एक-दोन पास्कलच्या (पास्कल हे दाब आणि ताण मोजण्याचे एकक) घरात असतो, तर वरचा रक्तदाब १२० असेल तेव्हा भिंतीवरचा दाब सुमारे १६,००० पास्कल भरतो. म्हणजे या घासण्याने भिंत फाटत नाही. अस्तराच्या पेशींना तो ताण जाणवतो आणि त्यानुसार त्या भिंतीची डागडुजी तरी चालू ठेवतात किंवा तिची झीज तरी होऊ देतात. घोळ पुढेच आहे. काही अभ्यासांत फुटलेल्या फुग्यांमध्ये हा ताण कमी आणि दिशा बदलणारा आढळला, तर काहींत धार आदळते तिथे तो जास्त आढळला. संशोधक हुई मेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन्ही वाटांनी भिंत कमकुवत होऊ शकते अशी मांडणी केली. ती पटण्याजोगी आहे, पण एका रुग्णापुढे बसलेल्या डॉक्टरला तिचा उपयोग थोडाच.

शिवाय गणितात घातलेली माहितीही बरीचशी गृहीत धरलेली असते. धमनीतून नेमके किती रक्त येते ते बहुधा मोजलेले नसते, भिंत ताठ मानलेली असते आणि ती कुठे किती पातळ आहे हे नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. सरळ नळीत तेवढेच रक्त वाहते असे धरून त्रिज्या १० टक्क्यांनी कमी आखली, तर हा ताण सुमारे ३७ टक्के जास्त येतो. तुमच्या ४ मिलिमीटरच्या फुग्यात चित्रातल्या एखाद्या ठिपक्याची चूकही त्यामुळे महागात पडते. आणखी एक अडचण अशी की, फुटलेल्या फुग्यांची चित्रे बहुतेक वेळा फुटल्यानंतरची असतात आणि तोवर आकार बदललेला असू शकतो.

तुमच्या डॉक्टरांनी ज्या गोष्टी विचारात घेतल्या असतील, त्यांवरून फुगा फुटण्याचा धोका मोजणारा फेजेस हा गुणांक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसमूह, रक्तदाब, वय, आकारमान, पूर्वीचा रक्तस्राव आणि जागा या सहा बाबींवर तो बेतलेला आहे. सासूबाईंचे त्यात ३ गुण होतात आणि ५ वर्षांत फुटण्याचा अंदाज सुमारे ०.७ टक्के निघतो. मात्र हे आकडे युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधील रुग्णांवरून काढलेले आहेत, तेव्हा त्यांच्याकडे ढोबळ अंदाज म्हणूनच पाहावे. फुग्यात बारीक तारेचे वेटोळे (कॉइल) भरणे किंवा त्याच्या मानेवर चिमटा (क्लिप) लावणे या उपचारांनाही स्वतःचा धोका असतो, म्हणून वाट पाहण्याचा सल्ला मला योग्य वाटतो.

सहा महिन्यांनी शक्यतो त्याच पद्धतीचा स्कॅन करून जुन्या चित्रांशी ताडून पाहावा. फुगा वाढला किंवा त्याला नवा कोंभ फुटला, तर ती खूण रंगीत नकाशापेक्षा मोलाची आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवावा, घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते सासूबाईंसमोर तरी थांबवावे. पूर्वी कधी झाली नव्हती इतकी डोकेदुखी एकाएकी उठली किंवा एक पापणी अचानक खाली आली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्यांना तडक न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावे.