वेगवेगळ्या राज्यांतून, धर्मांतून आलेल्या एमबीबीएसच्या मुलांना वैद्यकीय नीतिशास्त्र कसं शिकवावं?

तत्त्वांपासून नको, केसपासून सुरुवात करा. नवी मुंबईत नेरूळ-कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजांत सांगलीच्या मुलाशेजारी केरळची, राजस्थानची मुलं बसतात. स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय ही चौकडी सगळेच पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

मी २००८ चा समीरा कोहली खटला घेतो. रुग्ण भुलीखाली. संमती लॅप्रोस्कोपीची, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी-उपचाराची; अवयव काढण्याची नव्हे. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारलं आणि गर्भाशय, बीजांडकोश काढून टाकले. वर्गातून हमखास येतं, ‘आई हो म्हणाली ना, मग?’ मग सांगायचं, रुग्ण ४४ वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने आईची संमती ग्राह्य धरली नाही. जिवावर बेतलं नव्हतं, थांबता आलं असतं. इथे वर्ग पेटतो. आणि गंमत म्हणजे तो राज्य-धर्मानुसार फुटत नाही; घरात मोठं आजारपण कोणी जवळून पाहिलंय, त्यावर फुटतो.

म्हणून ‘तुमच्यात काय करतात?’ असं कुणालाही विचारू नका. एकट्या पोराला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता कशाला करायचं?

त्यापेक्षा नाट्य करून घ्या. एकजण मुलगा: ‘डॉक्टर, आईला कॅन्सरचं काही बोलू नका हं.’ डॉक्टर झालेल्याने लगेच नियम ऐकवायचा नाही. ‘आईंना स्वतःला किती जाणून घ्यायचंय, ते विचारू का?’ इथपर्यंत पोचायचं.

२०१९ पासून अभ्यासक्रमात एटकॉमचे (वृत्ती, नीतिशास्त्र आणि संवाद) तास आहेतच. फक्त ते लेक्चर हॉलमध्ये नकोत, दहा-बाराच्या गटात घ्या.