हो म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

प्रिय ताई,

मी डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर वाढले. माझी आजी आणि आई लग्नघरी चौक, म्हणजे देवीचे भिंतीवरचे विधीचित्र, लिहितात. गेली तीन वर्षे मी मुंबईत एका कंपनीत डिझायनर म्हणून नोकरी करते. माझ्या फोनमध्ये आईने लिहिलेल्या भिंतींचे आणि चौकांचे शेकडो फोटो आहेत. ते कंपनीच्या एआयला शिकवण्यासाठी द्यावेत, म्हणजे पडद्यांसाठी आणि कपांसाठी हवी तेवढी वारली चित्रे काढता येतील, असे साहेबांनी सांगितले आहे. त्यांनी नमुना म्हणून दाखवलेल्या चित्रात तारपा (आमचे फुंकून वाजवायचे वाद्य) वाजवणारा रिंगणाबाहेर उभा होता आणि नाचणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण बंद झाले होते; खरे तर वाजवणारा आत असतो आणि रिंगण उघडे राहते. घर माझ्या पगारावर चालते, त्यामुळे नाही म्हणण्याची भीती वाटते. कला सगळ्यांची असते, मग तू अडवणारी कोण, असे मैत्रीण विचारते. मी काय करू?

— पालघर जिल्ह्यातील एक वाचक

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचून झाल्यावर मी घरातल्या पडद्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यावर वारली नर्तकांची नक्षी आहे. ती कोणाच्या हातची, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते. त्यामुळे तुझ्या प्रश्नाकडे मला दुरून पाहता येत नाही.

तू विचारले आहेस की, फोटो द्यावेत की देऊ नयेत. माझे उत्तर असे आहे की, ते देण्याचा अधिकार तुझा नाहीच, आणि साहेबांना नकार देण्याचे सगळे ओझे एकटीने वाहण्याचीही तुला गरज नाही. फोटो तुझ्या फोनमध्ये असले तरी चित्रे आईची आहेत, आणि अजून कोणी तिला विचारलेले नाही.

यंत्र आले म्हणून कला बाटली, असे मी म्हणणार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तुमच्या भागात आले आणि गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिले जाणारे चित्र कागदावर उतरू लागले, तेव्हा कागद हेही तिथे नवेच साधन होते. त्याच कागदामुळे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे काम जगभर पोहोचले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि अनेक घरांना चार पैसे मिळू लागले. पण त्या बदलाची दुसरी बाजू तुझ्या आजीला ठाऊक असेल. चौक लिहिणाऱ्या होत्या सवाष्णी आणि त्यांच्याबरोबर गाणारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. चित्र बाजारात गेले तेव्हा नावे मात्र बहुतेक पुरुषांची झाली आणि भिंतीवर लिहिणाऱ्या बायका निनावी राहिल्या. मशे यांच्या थोरवीत याने काही उणे होत नाही. नाव पुसले जाण्याची सुरुवात यंत्राच्या कितीतरी आधीची आहे, एवढेच मला सांगायचे आहे. आता येणारे यंत्र शेकडो हातांच्या रेषा एकत्र कालवणार आहे, आणि त्यातून तुझ्या आईची रेषा पुन्हा वेगळी काढणे अत्यंत अवघड असेल. म्हणूनच विचारायचे ते आधी विचारायला हवे.

तुझ्या मैत्रिणीच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. पाड्यावर चौकाची मालकी कोणी एकटी सांगत नाही, हे खरेच. पण जे पाड्यात सगळ्यांचे आहे, ते तेवढ्यावरून बाजारातही सगळ्यांचे ठरत नाही. वारल्यांच्या पालघट देवीचा चौक लग्नासाठी लिहिला जातो, गाण्यांसह आणि विधींसह. तोच चौक कपावर छापावा की नाही, हे ठरवण्याचा मान तो लिहिणाऱ्यांचा आहे.

तुमच्या भागाचा इतिहास मला इथे वारंवार आठवतो. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनाही जमीनदाराकडे राबावे लागे. त्यांना लग्नगडी म्हणत. या प्रथेविरुद्ध आणि वेठीविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या सोबतीने वारली उभे राहिले. त्या कर्जालाही कोणीतरी हो म्हटलेलेच असे, पण ज्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती, त्याच्या होकाराला होकार कसे म्हणायचे? तुझ्या कार्यालयाची त्या जमीनदारीशी तुलना करणे अन्यायाचे होईल आणि मी ती करत नाही. परंतु पगार जाईल या भीतीने, आईला न विचारता तिच्या वतीने दिलेला होकार तुला आयुष्यभर बोचेल, असे मला वाटते.

आता कायद्याविषयी, कारण साहेबांशी बोलताना त्याचा उपयोग होईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढणाऱ्याला त्या चित्राचा हक्क आपोआप मिळतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो हक्क हयातभर व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. तुझ्या आईच्या प्रत्येक स्वतंत्र चित्राला हे लागू होते. नोकरीचा भाग म्हणून तू जे काढतेस, ते वेगळा करार नसेल तर कंपनीचे ठरते; आईची भिंत मात्र तुझ्या नोकरीचा भाग नाही. हा कायदा शैलीचे रक्षण करत नाही, म्हणजे दोन त्रिकोण टोकाशी जोडून माणूस काढण्यापासून तो कोणालाही अडवत नाही. आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांतून वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाच्या मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण) मिळाले, त्यामुळे यंत्राने काढलेल्या मालावर ‘वारली’ हे नाव लावून विकण्याविषयी तू रास्त प्रश्न उपस्थित करू शकतेस. कायदा इथपर्यंत तुझ्याबरोबर येतो. त्यापुढची वाट अजून कच्ची आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

राजीनाम्याचा विचार आज करू नकोस. साहेबांना शांतपणे, आणि लेखी, कळव की ही चित्रे तुझी नाहीत, त्यामुळे तुला ती देता येत नाहीत. कंपनीला ती हवी असतील तर ज्यांची आहेत त्यांच्याशी बोलावे, मोबदला आणि नाव ठरवावे आणि कोणती चित्रे कशासाठी वापरायची हे कागदावर लिहावे. पाड्यावरील बायकांकडून थेट चित्रे करून घेण्याचा पर्यायही त्यांच्यापुढे ठेव. तारप्याचे ते चुकलेले चित्र सोबत जोड. रिंगण का बंद होत नाही, हे त्यांना तुझ्याइतके नीट समजावून सांगणारे त्या कार्यालयात दुसरे कोणी नाही, आणि तुझे मोल त्यांना कळायचे असेल तर ते तिथेच कळेल. तरीही दबाव आला, तर मला पुन्हा लिही. मग वकिलाचा सल्ला कसा घ्यायचा ते आपण पाहू.

पण हे पत्र पाठवण्याआधी एकदा घरी जा. ते यंत्र काय करते, ते आईला आणि आजीला फोनवर प्रत्यक्ष दाखव, काहीही सोपे करून किंवा भीती घालून सांगू नकोस. कदाचित त्या पैसे घेऊन काही चित्रे द्यायला तयार होतील, कदाचित एकही देणार नाहीत. दोन्ही उत्तरे ऐकण्याची तयारी ठेव. मग फोन त्यांच्या हातात दे, आणि त्या शेकडो फोटोंतले देवाचे कोणते आणि दाखवायचे कोणते, ते त्यांनाच वेगळे करू दे.

तुझी,
ताई